वीजवाहिनी आणि ‘लाईन क्लिअर’



गेल्या पावसाळ्यात एके दिवशी सायंकाळी दहावीच्या वर्गाचा जादा तास चालू होता. बाहेर पावसाची झड लागली होती. एकाएकी दिवे गेले आणि कमरीपेठेतील गल्लीतून “करंट होतु!” अशी नेहमीची आरोळी उठली. फळ्यावरील अक्षरे दिसेनाशी झाली, तेव्हा पुस्तके मिटून आम्ही गप्पा मारीत बसलो. खिडकीतून पाहिले तो रस्त्यापलीकडील घरांत दिवे लखलखत होते. शेवटच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, आपल्या गल्लीत अंधार झाला हे वीजकचेरीला आपोआप कळते, की कोणी फोन केल्यावरच कळते?” त्यावर एक मुलगी म्हणाली, “गाडी कोणत्या टप्प्यात आहे हे रेल्वेच्या नियंत्रण-कक्षात बसून दिसते, असे माझे बाबा सांगतात. मग विजेचे का दिसू नये?” तिचे वडील रेल्वेत नोकरीस आहेत.

मी कलाशाखेचा पदवीधर. त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे काही पुस्तके चाळली, जाणत्या मंडळींना विचारले आणि जे समजले ते येथे मांडीत आहे. त्या मुलीने रेल्वेचा दाखला सहज दिला होता. परंतु या विषयातील सर्वांत महत्त्वाचा धडा त्याच दाखल्यात दडलेला आहे, हे मला मागाहून उमगले.

प्रथम वीज आपल्या घरी येते कशी, ते पाहू. शरावती व काळी या नद्यांवरील जलविद्युत्केंद्रे, रायचूर व कुडगी येथील औष्णिक केंद्रे, उत्तर कन्नड जिल्ह्यातील कैगा येथील अणुवीजकेंद्र, अशा दूरदूरच्या ठिकाणी वीज निर्माण होते. लांब पल्ल्याच्या प्रवासात तिचा नाश कमी व्हावा म्हणून तिचा दाब लक्षावधी व्होल्टपर्यंत चढवितात. धारवाडजवळील नरेंद्र या गावी अशा ४०० किलोव्होल्ट दाबाच्या वाहिन्या येऊन मिळतात. कैग्याची वाहिनी तेथे येते, तशीच कोल्हापूरकडूनही येते. पुढे निरनिराळ्या उपकेंद्रांत दाब पायरीपायरीने उतरवीत आणतात. शेवटच्या उपकेंद्रातून ११ किलोव्होल्टच्या, म्हणजे ११,००० व्होल्टच्या, अनेक वाहिन्या शहरभर निघतात. गल्लीच्या तोंडाशी खांबावर जे रोहित्र, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, बसविलेले असते, ते हा दाब आणखी उतरविते आणि मग २३० व्होल्टची वीज आपल्या घरात येते. या शेवटच्या टप्प्यासच वीजवितरण म्हणतात. आपल्या हुबळी-धारवाडसह कर्नाटकाच्या सात जिल्ह्यांत हे काम ‘हेस्कॉम’ ही कंपनी करते. तिची स्थापना २००२ साली झाली व तिची मुख्य कचेरी हुबळीसच आहे.

आता रस्त्यापलीकडे उजेड आणि अलीकडे अंधार, हे कोडे सहज सुटेल. एकाच उपकेंद्रातून निघालेल्या दोन वाहिन्या रस्त्याच्या दोन बाजूंना गेलेल्या असतात. त्यांपैकी एकीवर झाडाची फांदी पडली, तर उपकेंद्रातील त्या वाहिनीपुरती कळ उघडते आणि दुसरी वाहिनी चालू राहते. या कळीस सर्किट ब्रेकर असे नाव आहे. तिला हुकूम देणारे ‘रिले’ नावाचे उपकरण असते. प्रवाह मर्यादेबाहेर वाढताच रिले तो ओळखते आणि ब्रेकर उघडतो. हे सारे एका सेकंदाच्या अंशात घडते. वीज ‘जाते’ असे आपण म्हणतो. परंतु पुष्कळदा ती आपल्या रक्षणासाठी बंद केली गेलेली असते, हे ध्यानात ठेवावे.

येथपर्यंतची व्यवस्था जुनीच आहे. खरी अडचण येथून पुढे सुरू होते. अमुक वाहिनी बंद पडली एवढेच ब्रेकर सांगतो. दोष नेमका कोणत्या खांबाशी आहे, हे तो सांगत नाही. वाहिनी पाच-सात मैल लांब असली तर तो दोष हुडकायचा कसा? माझे बालपण कारवारकडील एका खेड्यात गेले. घरी आम्ही कोकणी बोलतो. आषाढात वादळ झाले की दोन-दोन दिवस वीज नसे. आई दिवली लावून ठेवी आणि म्हणे, “लाइनमन आता वाटेत असेल.” तो बिचारा डोक्यावर इरले घेऊन, हाती लांब बांबू धरून, माडा-पोफळींच्या बागांतून खांबामागून खांब पाहत येई. दोष सापडला की दुरुस्तीस फार वेळ लागत नसे. वेळ लागे तो शोधण्यास. तेवढ्या वेळात, दोषाशी काहीही संबंध नसलेली शेकडो घरे अंधारात राहत.

ही अडचण दूर करण्यासाठी जी व्यवस्था निर्माण झाली, तिला दूरनियंत्रण व स्वयंचलन असे म्हणता येईल. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘स्काडा’ असे नाव पडले आहे. दुरून देखरेख ठेवणे, दुरून नियंत्रण करणे आणि माहिती गोळा करणे, ही तिची तीन कामे. मनुष्यदेहाच्या उपमेने ती चांगली समजते. आपल्या देहात जशी ज्ञानेंद्रिये, ज्ञानतंतू, मेंदू आणि कर्मेंद्रिये असतात, तशीच तिलाही आहेत.

वाहिनीवर ठिकठिकाणी बसविलेली मापक रोहित्रे व दोषदर्शक ही तिची ज्ञानेंद्रिये होत. वाहिनीतील प्रचंड दाब व प्रवाह यांची लहानशी, सुरक्षित प्रतिमा मापक रोहित्र तयार करते. आपल्यापुढून दोषाचा मोठा प्रवाह वाहून गेला की नाही, एवढेच दोषदर्शक सांगतो. पण तेवढेही फार उपयोगी पडते. पहिल्या तीन दोषदर्शकांपुढून तो प्रवाह गेला आणि चौथ्यापुढून गेला नाही, तर दोष तिसऱ्या व चौथ्याच्या मध्येच असला पाहिजे. चोराच्या पावलांचे ठसे जेथे संपतात, त्याच्या आसपास चोर शोधावा, तसे हे आहे.

ही माहिती गोळा करून पुढे पाठविणारी एक पेटी प्रत्येक उपकेंद्रात व महत्त्वाच्या ठिकाणी असते. तिला आर. टी. यू. म्हणतात. तिच्यापासून नियंत्रण-कक्षापर्यंत निरोप जातो, तो काचतंतूतून अथवा बिनतारी मार्गाने. उच्चदाबाच्या वाहिन्यांवर तर वीज वाहणाऱ्या तारेवरूनच निरोप धाडण्याची युक्तीही पुष्कळ जुनी आहे. हे झाले ज्ञानतंतू. नियंत्रण-कक्षातील संगणक व त्यापुढे बसलेला अधिकारी हा मेंदू. पूर्वी तेथे भिंतभर नकाशा असून त्यावर छोटे दिवे लागत. आज तोच नकाशा पडद्यावर दिसतो. तेथून निघालेला हुकूम अमलात आणणाऱ्या, विजेच्या साहाय्याने उघडझाप करणाऱ्या कळा ही कर्मेंद्रिये होत.

काही कळांना तर हुकमाचीही वाट पाहावी लागत नाही. उघड्या तारांवरील बहुतेक दोष क्षणिक असतात. वाऱ्याने फांदी टेकते व दूर होते, वटवाघूळ अडकते व खाली पडते. अशा वेळी ‘रिक्लोझर’ नावाची कळ उघडते, क्षणभर थांबते आणि आपण होऊन पुन्हा मिटते. दोष गेला असेल तर वीज चालू राहते. दोन-तीन वेळा मिटूनही दोष तसाच आढळला, तर मात्र ती उघडी राहून स्वस्थ बसते. पावसात दिवे दोनदा मिणमिण करून मग कायमचे जातात, असा अनुभव पुष्कळांना असेल. त्यामागे कधी कधी हेच कारण असते.

या व्यवस्थेचा लाभ किती, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, एका वाहिनीवर ८०० घरे आहेत आणि मध्ये कळा बसवून तिचे सारखे चार भाग केलेले आहेत. प्रत्येक भागात २०० घरे. तिसऱ्या भागात दोष झाला. जुन्या पद्धतीत दोष शोधण्यास एक तास व दुरुस्तीस एक तास, असे दोन तास सर्वच घरे अंधारात राहतील. ८०० घरे गुणिले २ तास, म्हणजे १,६०० गृहतास अंधार झाला. नव्या पद्धतीत दोष कोणत्या भागात आहे हे लगेच कळते. त्या भागाच्या दोन्ही टोकांच्या कळा दुरून उघडल्या जातात. पहिल्या दोन भागांना आपल्याच उपकेंद्रातून वीज मिळते आणि चौथ्या भागाला शेजारच्या वाहिनीतून, जोडकळ मिटवून, उलट्या बाजूने ती दिली जाते. यास पाच मिनिटे लागली असे धरू. ६०० घरे गुणिले ५ मिनिटे, म्हणजे ५० गृहतास. उरलेल्या २०० घरांना दुरुस्तीचा एक तास थांबावे लागले, म्हणजे २०० गृहतास. एकूण २५०. दर घरामागे सरासरी काढली तर पूर्वी १२० मिनिटे अंधार होता, तो सुमारे १९ मिनिटांवर आला. येथे दुरुस्तीचा वेळ एका मिनिटानेही कमी झाला नाही. तारा जोडणारा माणूस तोच, त्याची शिडीही तीच. वाचला तो शोधण्याचा वेळ, आणि निरपराध घरांचा अंधार. मात्र शेजारच्या वाहिनीच्या अंगी हा जादा भार पेलण्याची शक्ती हवी. नाही तर एक दिवा वाचविताना दोन विझतील.

भारत सरकारने २००८ साली वितरण-सुधारणेची जी योजना हाती घेतली, तीत चार लाखांहून अधिक वस्तीच्या व विजेचा खप मोठा असलेल्या शहरांसाठी या व्यवस्थेची तरतूद होती. २०२१ पासूनच्या नव्या योजनेत घरोघरी स्वयंसंदेशी मीटर बसविण्यावर भर आहे. अशा मीटरामुळे घरातील वीज गेल्याची खबरही कोणी न सांगता पोहोचू शकते. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे: उपकेंद्रातील वाहिनी बंद पडली तर ती तेथे लगेच कळते, परंतु गल्लीतील रोहित्राची वात जळाली अथवा एखाद्याच घराची तार तुटली, तर जेथे असे मीटर अगर दोषदर्शक नाहीत, तेथे अजूनही १९१२ या क्रमांकावर कळवावेच लागते.

शहराच्या वाहिनीहून कितीतरी मोठ्या पसाऱ्यावर अशीच देखरेख चालते. वीज साठवून ठेवणे कठीण. म्हणून जेवढी खपते तेवढीच प्रत्येक क्षणी निर्माण करावी लागते. हा तोल सांभाळणारे कर्नाटकाचे भारप्रेषण केंद्र बंगळुरूस आहे. त्याच्यावर विभागीय केंद्रे आणि सर्वांवर दिल्लीचे राष्ट्रीय केंद्र. तोल बिघडला की नाही हे विजेच्या आवर्तनांवरून कळते. ती सेकंदास ५० असावी लागतात. खप वाढला की आवर्तने मंदावतात, खप घटला की वाढतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर व सोलापूर यांना जोडणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकाच तालात बांधले गेले. कन्नड व मराठी मुलखांमधील ही एक वाहिनी जोडली गेली, तेव्हा काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत विजेचा ठेका एक झाला.

या देखरेखीची कसोटी ५ एप्रिल २०२० रोजी लागली. त्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरांतील दिवे मालवून पणत्या लावण्याचे आवाहन होते. त्यामुळे मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॉटने घटली आणि काही मिनिटांत पुन्हा चढली. केंद्राकेंद्रांतून डोळ्यांत तेल घालून बसलेल्या मंडळींनी जलविद्युत्केंद्रांची निर्मिती झपाट्याने उतरविली व पुन्हा चढविली. जाळे कोसळले नाही. पणत्या लावणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना या धावपळीची कल्पना असेल.

परंतु मित्रहो, दुरून पाहणाऱ्या डोळ्यांची स्तुती करताना ते डोळे कधी फसतात हेही पाहिले पाहिजे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात एका वीजकंपनीची गजराची संगणक-व्यवस्था दुपारी मुकाट्याने बंद पडली. उंच वाढलेल्या झाडांना टेकून एकामागून एक वाहिन्या निकामी होत होत्या. पण पडद्यावर गजर नाही, म्हणून नियंत्रण-कक्षातील मंडळी निश्चिंत होती. सायंकाळपर्यंत अमेरिका व कॅनडा या देशांतील सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. गजर वाजत नाही याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, सर्व काही ठीक आहे; दुसरा, गजरच बिघडला आहे. पहाऱ्यावरील गुरखा जागा आहे की नाही हे पाहणाराही कोणी असावा लागतो.

दुसरे उदाहरण २३ डिसेंबर २०१५ चे, युक्रेन देशातील. तेथील तीन वितरण कंपन्यांच्या संगणकांत शत्रूंनी दुरून शिरकाव केला. पडद्यावरील बाण आपोआप सरकत आहे आणि एकेक उपकेंद्र बंद होत आहे, हे कर्मचारी हताशपणे पाहत राहिले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. ती काही तासांत परत आली, पण संगणकाने नव्हे. कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर धावले आणि त्यांनी हाताने कळा मिटविल्या. ज्यांना हाताने काम करणे ठाऊक होते, त्यांच्यामुळे उजेड परतला. दुरून चालणारा हात परक्याच्या ताब्यात जाऊ शकतो. म्हणून जवळचा हात विसरता कामा नये.

आता रेल्वेच्या त्या दाखल्याकडे वळतो. हुबळी हे रेल्वेचे गाव; नैर्ऋत्य रेल्वेचे मुख्यालय येथेच आहे. ‘लाईन क्लिअर’ हा शब्द येथे पोरासोरांना ठाऊक असतो. एकेरी मार्गावर पुढच्या स्थानकाने ‘लाईन क्लिअर’ दिल्यावाचून गाडी सोडता येत नाही. मार्ग मोकळा आहे, गाडी येऊ द्या, असा त्याचा अर्थ. हाच शब्द आमच्या भागात वीजखात्यातही चालतो. महाराष्ट्रात त्यास ‘परमिट’ म्हणतात. पण येथे त्याचा अर्थ नेमका उलट आहे. वीजवाहिनीची ‘लाईन क्लिअर’ घेतली म्हणजे, या तारेत आता काहीही येऊ द्यावयाचे नाही, कारण तेथे माणूस चढणार आहे. रेल्वेत त्या शब्दाने गाडी सुटते. येथे त्या शब्दाने वीज थांबते.

तो परवाना देण्याचे नियम कडक आहेत. ब्रेकर उघडावा; नंतर तारेची उघड फट डोळ्यांना दिसावी म्हणून दुसरी कळही उघडावी; तिला कुलूप लावून ‘माणसे काम करीत आहेत’ अशी पाटी टांगावी; तारेत वीज नाही हे उपकरणाने तपासावे; आणि तारा साखळीने जमिनीशी जोडाव्या. काम झाल्यावर, ज्याने परवाना घेतला त्यानेच तो परत करावा. दुसऱ्या कोणी ‘काम झाले असेल’ असे म्हणणे चालत नाही.

मी लहान असताना आमच्या गावच्या लाइनमनवर असाच प्रसंग आला होता. तो खांबावर असतानाच, कोणाच्या तरी अर्धवट निरोपावरून दुसऱ्या टोकाने कळ मिटविली. वर चढण्यापूर्वी त्याने साखळी अडकविली होती. सगळी वीज त्या साखळीतून जमिनीत गेली, कळ पुन्हा उघडली आणि तो वाचला. ठिणगीने हात मात्र भाजला. त्या संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर पाणी पिण्यास बसला होता. “साखळी अडकवायला दोन मिनिटे लागतात,” एवढेच तो बोलला. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

पूर्वी कळ मिटविणारा निदान त्याच गावात असे. आज तो कित्येक मैल दूर, थंडगार खोलीत पडद्यापुढे बसलेला असतो. त्याला खांब दिसत नाही, खांबावरील माणूस दिसत नाही. दिसते ती केवळ एक रेघ. म्हणून पडद्यावरील त्या रेघेलाही पाटी टांगण्याची सोय असते; पाटी असेतो संगणक कळ मिटवू देत नाही. शिवाय खांबाजवळच्या पेटीत ‘स्थानिक’ व ‘दूरस्थ’ अशी किल्ली असते. लाइनमनने ती ‘स्थानिक’कडे फिरविली की दुरचा हुकूम त्या कळीवर चालत नाही. या व्यवस्थेतील सर्वांत शहाणा भाग मला हाच वाटतो. जो जिवावर उदार होऊन वर चढतो, त्याच्याच हाती शेवटची किल्ली ठेवलेली आहे.

आणि तरीही एक जागा उरते, जी कोणत्याच केंद्राला नीट दिसत नाही. ती म्हणजे आपले घर. वीज गेली म्हणून एखाद्याने लहान जनरेटर थेट घरच्या तारांना जोडला, तर ती वीज उलटी रस्त्यावरील रोहित्रात जाते आणि तेथे तिचा दाब पुन्हा ११,००० व्होल्टपर्यंत चढू शकतो. नियंत्रण-कक्षाने वाहिनी बंद केली, परवाना दिला, पाटी टांगली. आणि आपल्या परसातून मृत्यू उलट्या पावलांनी खांबावर चढला! म्हणूनच जनरेटरासाठी बाहेरची तार पूर्ण तोडणारा चेंजओव्हर स्विच हवाच. छतावरील सूर्यशक्तीच्या यंत्रांत बाहेरची वीज जाताच आपण होऊन थांबण्याची योजना केलेली असते, ती याचसाठी.

तेव्हा पुढच्या वेळी दिवे गेले आणि गल्लीतून आरोळी उठली, की क्षणभर त्या अंधारात कोण कोण जागे आहे याचा विचार करा. कोठे तरी एक रिले जागे आहे, एक अधिकारी पडद्यावरील रेघ न्याहाळीत आहे, आणि भर पावसात एक माणूस शिडी खांद्यावर घेऊन निघाला आहे. आपला दिवा लवकर लागावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तो लागण्यापूर्वी तो माणूस खाली उतरलेला असावा, एवढी दोन मिनिटे आपणही थांबावयास हरकत नाही.

स्वाध्याय

१. एक महिनाभर आपल्या घरची वीज केव्हा गेली व केव्हा आली याची नोंद ठेवा. एकूण किती वेळा व किती मिनिटे गेली ते काढा. वर्गमित्रांच्या नोंदींशी ताडून पाहा. एकाच वाहिनीवर कोणाकोणाची घरे आहेत हे ओळखता येते काय?

२. वरील उदाहरणातील दोष पहिल्या भागात झाला असता, तर उरलेल्या तीन भागांना वीज कोठून मिळाली असती? आकृती काढून दाखवा.

३. रेल्वेतील व वीजवितरणातील ‘लाईन क्लिअर’ यांची तुलना दहा ओळींत करा.

४. रस्त्यावर तुटलेली तार दिसल्यास काय कराल? (तारेत वीज आहे असेच समजून दूर राहावे, इतरांसही दूर ठेवावे व १९१२ वर कळवावे. काठीनेही ती सरकवू नये.)